वृंदावनातला दगड

आमच्या देवघरात, ताम्हनातल्या तुळशीपत्रावर, आवळ्याएवढा एक काळा गुळगुळीत शाळिग्राम आहे. आमच्या पणजोबांनी तो काशीयात्रेहून आणला असे घरात सांगतात. त्याच्या एका अंगास लहानसे छिद्र असून आत डोकावले तर चक्राकार रेषा दिसतात. लहानपणी आंघोळ करून सोवळ्यात असल्याशिवाय त्यास हात लावण्याची आम्हांस मुभा नव्हती. त्यामुळे ती चक्रे आम्ही दुरूनच, आणि म्हणून अधिकच कुतूहलाने पाहत आलो. वाचकहो, आपणांपैकी कित्येकांच्या देव्हाऱ्यात असा एखादा शाळिग्राम असेलच. मराठी माणूस बडोद्यास गेला, इंदुरास गेला, तंजावरास गेला, तरी देव्हारा मागे ठेवून गेला नाही.

हा शाळिग्राम आम्ही वाहतो ते देव म्हणून. परंतु तो एका सागरी प्राण्याच्या शंखाचा दगडी ठसा आहे, हे आम्हांस वयाच्या पंचविशीनंतर कळले. आणि ते अर्धवट कळल्यामुळे आमच्या हातून एक चूक घडली. तीच येथे सांगावयाची आहे. चूक तशी लहान. तिच्यावर कोठे शेरा पडला नाही, चौकशी झाली नाही. तथापि गेली सत्तावीस वर्षे ती आम्हांस डाचत होती.

सन १९९६ ची गोष्ट. गुंजीच्या मराठी शाळेत आम्ही नवे शिक्षक होतो. गुंजी हे खानापूर तालुक्यातले गाव. खानापूरहून लोंढ्याकडे जाणाऱ्या रेल्वेवर, माउलीच्या देवळाचे, घाटमाथ्यावरच्या भरगच्च पावसाचे. आम्ही मराठीचे एम. ए.; ज्ञानेश्वरीतल्या ओव्यांवर तासभर बोलू शकत होतो, परंतु शाळेत विज्ञान शिकवावयास कोणी नव्हते, म्हणून ते काम आमच्याकडे आले. त्या वेळी ज्युरासिक पार्क ह्या १९९३ च्या चित्रपटाची हवा आमच्या गावापर्यंतही पोचली होती. ज्यांनी तो पाहिला नव्हता तेही ‘ज्युरासिक’ हा शब्द भुताच्या नावासारखा दबक्या आवाजात उच्चारीत. आम्ही त्या संधीचा फायदा घेऊन खडकांचा धडा रंगवून सांगितला. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी गाळ साचला, त्यात प्राणी गाडले गेले, गाळाचा दगड झाला आणि प्राण्यांचेही दगड झाले. ‘तुमच्या घरच्या शाळिग्रामातले चक्र आहे ना, तो असाच शंख,’ असेही आम्ही सांगून टाकले. वर्ग स्तब्ध झाला. शिक्षकाच्या आयुष्यात असे क्षण थोडे येतात आणि ते त्यास बिघडवतात.

चार दिवसांनी सातवीतला एक मुलगा फडक्यात गुंडाळलेला दगड घेऊन आला. त्याचे वडील विटांच्या भट्टीवर कामाला होते. विहीर खणताना निघालेला तो तांबूस दगड फुटला होता आणि फुटलेल्या तोंडावर एकात एक अशी सुरेख वलये दिसत होती. ‘गुरुजी, हा शंखच न्हवं?’ त्याने विचारले. आम्ही तो हातात घेतला, उन्हात धरला, आणि म्हणालो, ‘होय, शंखच. अगदी शाळिग्रामातल्यासारखा.’ एवढ्यावर न थांबता तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात तो मांडावयाचे ठरविले. पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरांत आम्हीच लिहून दिले: ‘ज्युरासिक काळातील शंख. स्थळ: गुंजी.’

प्रदर्शनात परीक्षक आले. त्यांनी दगड हातात घेऊन क्षणभरच पाहिला आणि हसून म्हणाले, ‘हा शंख नाही रे बाळ. हा जांभा आहे, आणि ही वलये लोखंडाच्या गंजाची. शंख असे तुला कोणी सांगितले?’ मुलाने आमच्याकडे पाहिले. आम्ही शेजारच्या टेबलावरील पवनचक्कीकडे पाहू लागलो. तेव्हा तो हळूच म्हणाला, ‘मीच म्हणालो सर.’

परतीच्या गाडीत तो आमच्यासमोर दगड मांडीवर घेऊन बसला होता. आम्ही त्याला शेंगदाणे घेऊन दिले. बोलावयास हवे होते ते बोललो नाही. पुढे तो दहावीपर्यंत शिकला, परंतु वर्गात त्याने पुन्हा कधी प्रश्न विचारल्याचे आम्हांस आठवत नाही.

त्यानंतर आमची बदली झाली. अनेक गावांचे पाणी प्यालो. ह्या काळात, प्रायश्चित्त म्हणा की हट्ट म्हणा, आम्ही दगडांविषयी जे मिळेल ते वाचू लागलो. भाषेच्या माणसाने हे का वाचावे, असे सहकारी विचारीत. शब्दांची व्युत्पत्ती शोधणाऱ्यास दगडांची शोधणे फारसे परके वाटत नाही, एवढेच आमचे उत्तर असे.

प्रथम आम्ही आमच्याच पायाखालची भूमी पाहिली. ब्रूस फूट नावाच्या भूवैज्ञानिकाने दक्षिण महाराष्ट्र देशाच्या भूरचनेवर एक सविस्तर ग्रंथ १८७६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात बेळगाव आणि भोवतालचा प्रदेश येतो. लोंढ्याच्या बाजूस जे जुने धारवाडी खडक आहेत त्यांचे वय अडीचशे कोटी वर्षांहून अधिक. पूर्वेस गोकाकला घटप्रभा ज्या वालुकाश्मावरून सुमारे ५२ मीटर खाली उडी घेते तो कलादगी खडक शंभर कोटी वर्षांहून जुना. आणि बेळगाव शहर ज्या काळ्या पाषाणावर वसले आहे तो दख्खनचा लाव्हा तुलनेने कालपरवाचा, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. ज्युरासिक काळ होता सुमारे २० कोटी ते साडेचौदा कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे तो नेमका कलादगी खडक आणि काळा पाषाण ह्यांच्या मधला. त्या काळचा एकही थर आमच्या बाजूस नाही! पोथीची मधली पाने गहाळ व्हावीत तसे हे आहे.

पाने फाटली की मुळात लिहिलीच गेली नाहीत, हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर असे, की गाळ साचावयास सखल जागा लागते, आणि आमचा भाग त्या काळी समुद्राबाहेर, उंचावर होता. एवढेच नव्हे, आज गोव्याच्या किनाऱ्यावर उभे राहिले असता जो अरबी समुद्र दिसतो तो तेव्हा अस्तित्वातच नव्हता. आपल्या पश्चिम किनाऱ्याला मादागास्कर भिडलेले होते आणि त्यापलीकडे आफ्रिका. ऊन, पाऊस, वारा ह्यांनी आमच्या डोंगरांची माती झिजत होती आणि नद्या ती दुसरीकडे नेत होत्या. दुसऱ्यांच्या पोथ्यांना शाई आम्ही पुरवीत होतो. आमची पोथी मात्र कोरी राहिली.

कलादगी भागात चुनखडी विपुल आहे. बागलकोटच्या बाजूस तिच्यावर सिमेंटचे कारखाने उभे राहिले. मग तिच्यात तरी शंख का सापडत नाहीत? कारण ती शंखांच्या आधीची आहे. कवच धारण करणारे प्राणी पृथ्वीवर आले ते सुमारे चोपन्न कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे एका बाजूला शंख जन्मावयाचे होते, दुसऱ्या बाजूला लाव्ह्याच्या तप्त लोंढ्यात शंख टिकण्याची सोय नव्हती, आणि मधला काळ गहाळ. आमच्या विद्यार्थ्याला गुंजीत ज्युरासिक शंख सापडणे सर्वस्वी अशक्य होते, आणि आम्ही त्याला पुठ्ठ्यावर अक्षर काढून दिले होते. आमच्या जिल्ह्यात प्राण्यांचे अवशेष मुळीच सापडत नाहीत असे मात्र नव्हे. गोकाकजवळ नदीच्या जुन्या गाळात गेंड्याची हाडे मिळाली आणि त्यांवरून ठरलेल्या जातीला, ब्रूस फूट ह्यांच्याच हातून, १८७४ मध्ये ‘डेक्कनेन्सिस’ हे आमच्या दख्खनचे नाव मिळाले. परंतु ते गेंडे फार अलीकडचे. ज्युरासिकशी त्यांचा संबंध नाही.

आणि तो तांबूस दगड? जांभा. आमच्याकडे त्याचे चिरे काढून घरे बांधतात. खडक पावसाने वर्षानुवर्षे कुजतो, त्यातील विरघळणारे सारे वाहून जाते आणि लोह व ॲल्युमिनियम मागे उरते, तो हा दगड. फ्रान्सिस बुकनन ह्यांनी मलबारात तो पाहून १८०७ च्या आपल्या ग्रंथात त्यास ‘लॅटेराइट’ नाव दिले, ते विटेच्या लॅटिन शब्दावरून. विटांच्या भट्टीवर राबणाऱ्याच्या मुलाला विटेच्याच नावाचा दगड सापडला होता! लोहयुक्त पाणी आत झिरपते आणि गंजाचे थर वलयांनी बसतात. ही वलये बंद असतात, एकात एक ठेवलेल्या बांगड्यांसारखी. शंखाची रेषा तशी नसते. ती मध्यावर कोठेतरी सुरू होते आणि फिरत फिरत बाहेर येऊन तोंडाशी संपते. त्या परीक्षकांनी क्षणात ओळखले ते ह्याच खुणेवरून असणार. आम्ही उन्हात धरून पाहिले; पण बोट ठेवून रेषेवरून फिरवले नाही. आमच्या देव्हाऱ्यातली चक्रे आम्ही नेहमी दुरूनच पाहिली होती ना!

सन २०२३ च्या जानेवारीत एक योग आला. आमचे साडू नोकरीनिमित्त भुजला स्थायिक झाले आहेत, त्यांच्याकडे मुंज होती. मुंज आटोपल्यावर त्यांनी रणाचा चंद्रप्रकाश पाहावयास चला असा आग्रह धरला. आम्ही म्हणालो, चंद्र गुंजीलाही दिसतो. आम्हांला झुऱ्याला न्या. साडूंना वाटले, आम्हांस तेथे काही नवस फेडावयाचा आहे. तसा तो होताच म्हणा.

कच्छचा हा प्रदेश भूवैज्ञानिकांत जगप्रसिद्ध आहे. कॅप्टन ग्रँट ह्यांनी तेथील भूरचनेचा नकाशा आणि वृत्तांत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तयार केला. फर्डिनंड स्टोलिच्का ह्या तरुण शास्त्रज्ञाने १८७१-७२ मध्ये तेथील थर पाहून त्यांचे पच्छम, चारी, कटरोल, उमिया असे चार भाग पाडले. तो १८७४ मध्ये यार्कंदच्या मोहिमेतून परतताना लडाखात वारला. लेहमध्ये त्याची समाधी आहे. वागेन ह्यांनी कच्छच्या शंखांवर मोठा ग्रंथ लिहिला. पुढे बिस्वास ह्यांनी ह्या थरांची नव्याने मांडणी करून झुरिओ, जुमारा, झुरान, भुज अशी नावे रूढ केली. ‘ज्युरासिक’ हा शब्द फ्रान्स आणि स्वित्झर्लंड ह्यांच्या सीमेवरील जुरा पर्वतावरून आला, आणि कच्छमध्ये ह्याच काळाच्या खडकांचा डोंगर आहे झुरा गावाजवळ! दोन नावांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही, परंतु मराठीचा मास्तर अशा ठिकाणी क्षणभर रेंगाळणारच.

डोंगर उघडाबोडका. गुंजीच्या हिरव्या रानातून गेलेल्या आमच्या डोळ्यांस तो प्रथम उदास वाटला. मग कळले, की झाडी नाही म्हणूनच येथे पोथी उघडी पडली आहे. एकावर एक थर ओढ्याच्या काठाला कापले गेले होते: पिवळट चुनखडी, मग करडी ठिसूळ माती, मग पुन्हा चुनखडी. एका थरात तर खसखशीएवढे सोनेरी गोल दाणे खच्चून भरलेले होते. साडूंच्या ओळखीचा एक गुराखी बरोबर होता. एका फिकट, बोटाने पूड होईलशा थराकडे बोट दाखवून त्यास काय म्हणतात असे आम्ही विचारले. तो म्हणाला, ‘माटी.’ चुनखडीला तो पथ्थर म्हणत होता, शेलला माटी, आणि हा मधला थर कधी माटी तर कधी पथ्थर. त्याच्या ह्या गोंधळातच मार्ल ह्या खडकाची अचूक व्याख्या आहे. चुना आणि चिकणमाती ह्यांचे जवळजवळ समसमान मिश्रण म्हणजे मार्ल. समुद्र स्वच्छ आणि शांत असला की चुना साचतो. नद्यांनी गढूळ पाणी आणले की माती साचते. दोन्हींची चढाओढ बरोबरीत सुटली की मार्ल. किनाऱ्यापासून फार दूर नाही आणि अगदी जवळही नाही, अशा पाण्याची ती सही आहे. मऊ, मुलायम गाळ असल्याने त्यात गाडलेले कवच सुरक्षित राहते. पावसाने तो मार्ल विरघळतो, उकलतो, आणि कठीण शंख मोकळे होऊन घरंगळतात.

ओढ्याच्या तळाशी तसे ते पडले होते. कोणी रुपयाएवढे, एक तर भाकरीच्या तव्याएवढा. मेंढ्याच्या शिंगासारखी त्यांची वळणे असतात; म्हणून मेंढ्याची शिंगे असलेल्या अमोन नावाच्या मिसरी देवावरून त्यांस अमोनाइट हे नाव मिळाले. म्हणजे तेथेही देवच! हे प्राणी डायनोसॉरांबरोबरच नष्ट झाले. कच्छमध्ये मिळतात त्यांसारखेच अमोनाइट मादागास्करातही मिळतात, कारण गोंडवन खंड चिरू लागले तेव्हा ह्या दोघांना एकाच समुद्राचे पाणी लागले होते. ती चीर कच्छच्या पायाखाली अद्याप आहे. दि. २६ जानेवारी २००१ रोजी भुज हादरले ते अशाच जुन्या भेगांच्या प्रदेशात दाब साचून. साडूंच्या घरी त्या सकाळविषयी अजूनही कोणी मोठ्याने बोलत नाही.

आम्ही गुडघ्यावर बसलो आणि त्या मोठ्या शंखाच्या मध्यावर तर्जनी ठेवून हळूहळू रेषेवरून बाहेरपर्यंत फिरवली. चार फेरे झाले. साडू म्हणाले, ‘घ्या की एक, सामानात मावेल.’ आम्ही शंख घेतला नाही. ज्या पोथीची पाने आपल्याकडे नाहीत, तिची पाने दुसऱ्याकडून फाडून आणणे बरे नव्हे. निसटून पडलेले, आत काहीही नसलेले मार्लचे एक ढेकूळ मात्र खिशात टाकले.

देव्हाऱ्यातला शाळिग्राम मार्ल नव्हे. तो नेपाळातल्या काळी गंडकीच्या खोऱ्यातला. तेथील काळ्या शेलच्या थरातील कठीण गोळ्यांत अमोनाइट असतात आणि नदी ते गोळे घासून गुळगुळीत करते. हिमालय उठण्यापूर्वी तेथे टेथिस समुद्र होता, आणि त्या थरांचा काळही ज्युरासिकच्या उत्तरार्धापासून सुरू होणारा. भुजहून परतल्यावर आम्ही एके सकाळी स्नान करून आमचा शाळिग्राम हातात घेतला आणि छिद्राशी नखाने चाचपून पाहिले. वळण आहे, बंद वलय नाही. सौभाग्यवतींनी विचारले, ‘काय पाहता?’ आम्ही म्हणालो, ‘सुरुवात.’

आता मुख्य काम उरले होते. गुंजीला मुख्याध्यापक म्हणून आमची पुन्हा नेमणूक झाली होती आणि त्या मुलाची मुलगीच आमच्या शाळेत सातवीत होती. तो स्वतः आता चिऱ्यांची गाडी चालवतो. रस्त्यात भेटला की नमस्कार करी, आणि आम्ही ‘कसं काय’ म्हणून पुढे जात असू. जानेवारी गेला, पावसाळा गेला, तरी आमचे पाऊल उचलेना. शेवटी कार्तिकात, तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, आम्ही त्याच्या घरी गेलो.

अंगणात वृंदावन ताज्या चुन्याने पांढरेशुभ्र केलेले, ऊस आणि चिंच-आवळे अद्याप तसेच. चहा आला. आम्ही सारे सांगितले; पवनचक्कीसुद्धा. तो मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला, ‘ठाऊक होतं गुरुजी. तुमचीबी पहिलीच नोकरी होती.’ थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, ‘दगड हाय अजून.’ आणि त्याने वृंदावनाकडे बोट केले.

तुळशीच्या बुंध्याशी, हळदकुंकू वाहिलेला, तोच तांबूस दगड होता. गुरुजी म्हणाले शाळिग्रामासारखा आहे, हे पोराने घरी येऊन सांगितले त्या दिवशी त्याच्या आईने तो मागून घेतला होता. प्रदर्शनाहून परत आल्यावर त्याने तो भिरकावला, तेव्हा तिनेच उचलून आणून तेथे ठेवला. सत्तावीस तुळशीची लग्ने त्या दगडाने पाहिली होती, कृष्णाच्या जागी.

आम्हांस काही सुचेना. म्हातारी ओसरीवर बसून ऐकत होती. आम्ही म्हणालो, ‘आजी, तो शाळिग्राम नाही. माझी चूक झाली.’ ती म्हणाली, ‘असंल की. एवढी वर्सं पाणी घातलंय त्याला. आता नाही कसं म्हणायचं?’ आणि सुनेला म्हणाली, ‘गुरुजींना फराळाचं दे.’

नातीला मात्र ह्यात भलताच रस वाटू लागला होता. आम्ही खिशातले मार्ल काढून तिला दाखवले आणि चुना असलेल्या दगडावर आंबट पडले की बुडबुडे येतात असे सांगितले. ती धावत जाऊन लिंबू कापून घेऊन आली. मार्लवर विळीच्या टोकाने ओरखडा काढून तिने थेंब पिळला. बारीक फेस आला, आणि कान जवळ नेल्यावर चरचर ऐकू आली. मग तिने आजीकडे पाहिले. आजी काही बोलली नाही. तिने वृंदावनातल्या दगडावर थेंब टाकला. काही झाले नाही. तो तांबूस दगड नुसता ओला झाला आणि वलये अधिक स्पष्ट दिसू लागली. तिने आपणहून बोट ठेवून एक वलय फिरवले. ते जेथून निघाले तेथेच परत आले.

हात मागे घेताना लिंबाचे दोन-चार थेंब वृंदावनाच्या कडेवर सांडले आणि तेथे एकदम फसफसले. ‘गुरुजी, ह्यात पण समुद्र?’ ती ओरडली. आम्ही उत्तर देणार, एवढ्यात आजी ओसरीवरून उठली. ‘पोरी, सणाला लावलेला चुना घालवलास की गं!’ असे म्हणत तिने पदराने ती कड पुसली.